माळ्यावरचा रंगीत टीव्ही

प्रश्न : गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना माळ्यावर वडिलांचा रंगीत टीव्ही निघाला. 1984 च्या गणपतीआधी घेतलेला. लाकडी कॅबिनेट, 20 इंची, उजव्या हाताला चॅनेलची आठ बटणं आणि झाकणाआड त्यांची बारीक चाकं. कितीतरी वर्षं तो लावलेलाच नाही. सध्या आम्ही कांदिवलीला भाड्याने राहतो, जागा बेताची आहे. घरातले म्हणतात भंगारात दे. भाऊ म्हणतो, प्लगला लावून बघू, लागला तर लागला. मला मात्र तो चालू झालेला बघायचाय. काय करू? आणि त्याच्यावर किती पैसे घालणं शहाणपणाचं?
— एक वाचक भगिनी, कांदिवली

उत्तर : ताई, प्लगला लावू नका. भावाला म्हणावं, एवढी वर्षं कळ काढली तशी आणखी थोडी काढ.

घरातली 230 व्होल्टची वीज सेटमध्ये शिरली की आधी तिचा डीसी होतो, आणि तो सुमारे 325 व्होल्टचा असतो. हा भार पेलतो तो एक अंगठ्याहून जाड, वीज साठवणारा कपॅसिटर. माळ्यावरच्या उकाड्यात त्याच्या आतला ओलावा सुकलेला असतो, वरून तो धडधाकट दिसला तरी. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की तो तापतो, फुगतो, कधी फुटतो आणि जाताना पॉवर सप्लायचा ट्रान्झिस्टर घेऊन जातो. कधी कधी तर सेट लागतो, आवाज येतो, घरातले खूश होतात आणि थोड्या वेळात धूर निघतो. असे सेट माझ्या परळच्या दुरुस्तीच्या टेबलावर नेहमी येतात. मूळ बिघाड छोटा असतो, ‘लावून बघितल्याने’ तो मोठा होतो.

तुमच्या वडिलांनी सेट घेतला तो काळ बघा. मुंबईत दूरदर्शन आलं 2 ऑक्टोबर 1972 ला, कृष्णधवल. देशात रंग आला 1982 मध्ये. 15 ऑगस्टचा दिल्लीचा सोहळा रंगीत दिसला आणि नोव्हेंबरात एशियाड. म्हणजे रंग येऊन दोन वर्षं होतात न होतात तोच तुमच्याकडे हा सेट आला होता. तेव्हाचे बरेच सेट परदेशी किटवर इथे जुळवलेले असत. त्यांची बोर्डं मोठी, भाग सुटे सुटे, हाताला येतील असे. दुरुस्तीच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट आहे. पुढे पुढे सगळं एका आयसीत, म्हणजे एका चिपमध्ये, कोंबलं गेलं. तो आयसी बाजारात नसला की मेकॅनिकने हात वर केले, असं व्हायला लागलं. तुमच्या सेटचं तसं नाही.

आता पैशांचं. जुन्या सेटचं सगळं मिळतं किंवा त्याला पर्याय निघतो, पिक्चर ट्यूबला निघत नाही. नवी रंगीत ट्यूब आता कुणी बनवत नाही. भंगारातल्या सेटची काढून बसवता येते, पण मानेची (ट्यूबच्या मागच्या निमुळत्या नळीची) जाडी, मागची कॉइल, पिनांची मांडणी सगळं जुळावं लागतं, आणि तीही कुणाची तरी वापरलेलीच असते. म्हणून आधी ट्यूब तपासायची आणि मगच खिशात हात घालायचा. मेकॅनिक पहिल्या दिवशीच ‘सगळे कपॅसिटर बदलू, ईएचटी बदलू’ म्हणायला लागला (ईएचटी म्हणजे ट्यूबसाठी हजारो व्होल्ट तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) तर त्याला थांबवा. विचारा, ट्यूब बघितली का?

ट्यूब सेट चालू न करताही तपासता येते. मागच्या मानेवरचा बेस काढायचा, हीटरला बाहेरून 6.3 व्होल्ट द्यायचे आणि टेस्टरवर लाल, हिरवी, निळी अशा तिन्ही गनचं एमिशन, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडण्याची ताकद, बघायचं. हीटर नारिंगी पेटला आणि तिन्ही गनचे आकडे एकमेकांच्या जवळपास आले, की बिनधास्त पुढे जा. एक गन उतरलेली असेल तर चित्रावर कायम एका रंगाची झाक राहील, ती काही प्रमाणात सांभाळता येते. हीटर पेटलाच नाही, किंवा मानेत हवा शिरल्याचा जांभळट उजेड दिसला, तर ट्यूब गेली. मग त्या सेटवर एक रुपयाही घालू नका. ‘बूस्ट’ करून देतो असं कुणी म्हणेल. हीटरला जास्त व्होल्टेज देऊन गनमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, म्हणजे कॅथोड, पुन्हा जागा करतात, त्याला बूस्ट म्हणतात. थकलेल्या ट्यूबला त्याने थोडे महिने मिळतात, कधी जास्तही, पण कधी त्याच वेळी ट्यूब कायमची जाते. दुसरा उपाय उरलाच नसेल तेव्हाच करा. नुसतं चित्र थोडं फिकं आहे म्हणून मुळीच करू नका.

ट्यूब चांगली निघाली असं धरू. सेट उघडण्याचं काम मेकॅनिककडेच असू द्या. चालू रंगीत सेटच्या ट्यूबवर वीस ते पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि सेट बंद केल्यावरही ते काचेत साठून राहतात. तुमच्या सेटमधलं केव्हाच सांडून गेलं असेल, पण दुरुस्तीत तो एकदा चालू झाला की पुन्हा साठणार. जाणता माणूस आधी ट्यूबच्या पाठीवरच्या उघड्या तारेच्या जाळीला वायर बांधतो, तिचं दुसरं टोक स्क्रू ड्रायव्हरला, आणि तो रबरी टोपीखाली सरकवून तो साठा उतरवतो. शिवाय तेव्हाच्या पुष्कळ सेटांत चॅसिस थेट घरातल्या विजेला जोडलेली असते, म्हणून सेट त्या विजेपासून वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय आत हात घालायचा नाही. तुम्ही घरी एवढंच करा : मागच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, झुरळांची घाण बोर्डावर पडलीय का. ही घाण मुंबईच्या दमट हवेत वीज वाहते, आणि पुष्कळ सेट तेवढ्यानेच मरतात. पावसाळ्यात काढला असेल तर सेट कोरड्या खोलीत ठेवून द्या, ऑक्टोबरची उष्णता लागू द्या आणि मग मेकॅनिक गाठा. गिरगाव काय, दादर काय, समुद्र जवळ असला की चॅनेल पकडणाऱ्या ट्यूनरचा पत्रासुद्धा गंजतो.

साफसफाई झाली की पहिलं काम सोल्डरचं. इथे घाई करणारा मेकॅनिक मला आवडत नाही. बोर्ड उलटा करून दिव्याखाली तिरका धरायचा आणि ईएचटीच्या पिना, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, कॉइलचा सॉकेट, उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकवरचे ट्रान्झिस्टर असं एकेक ठिकाण भिंगातून बघायचं. पिनेभोवती केसाएवढं काळं कडं दिसलं की तो जोड सुटलाय. वरून कथील चकचकीत असतं, पिन मात्र आत सैल झालेली असते. जुनं कथील ओढून घ्यायचं, पिन खरवडायची आणि नवं भरायचं. जुन्यावरच नवं थोपलं तर वर्षभरात तोच बिघाड परत. ‘टीव्हीला थप्पड मारली की चित्र येतं’ असं जे घराघरात चालायचं, ते बहुतेक वेळा या काळ्या कड्यांमुळे.

मग कपॅसिटर. सरसकट सगळे बदलायला मी सांगणार नाही. मोठा फिल्टर, म्हणजे वर सांगितलेला अंगठ्याहून जाड, बदलायचाच. पॉवर सप्लायच्या ट्रान्झिस्टरशेजारचे छोटे, गरम हीटसिंकला खेटून असलेले आणि चित्र वर-खाली पसरवणाऱ्या व्हर्टिकलच्या भागातले बदलायचे. यातला पॉवर सप्लायमधला छोटा सुकला की बऱ्याच सेटांत व्होल्टेज वर चढतं आणि ईएचटीला चालवणारा महागाचा लाइन ट्रान्झिस्टर जातो. व्हर्टिकलचा सुकला की चित्र वरच्या बाजूला दुमडतं. घ्यायचे ते 105 डिग्री उष्णता सोसणारे, 85 चे नकोत. लाइन ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा दीड-दोन हजार व्होल्टचा प्लास्टिक कपॅसिटर मात्र मूळच्याच क्षमतेचा आणि त्याच जातीचा हवा. तो आतून तुटला किंवा कमी क्षमतेचा बसवला की ट्यूबवरचं व्होल्टेज वाढतं आणि ट्यूबची मान तडकू शकते. इथे ‘जवळपासचा चालेल’ म्हणणाऱ्याला नको म्हणा.

एवढं झाल्यावर सिरीज बल्ब. सेटच्या वाटेत 100 वॉटचा तारेचा बल्ब घालायचा, एलईडी चालत नाही. आधी ट्यूबला लागलेलं चुंबकत्व घालवणाऱ्या डीगॉसिंग कॉइलचा प्लग काढून ठेवायचा, कारण ती सुरुवातीला भरपूर करंट ओढते आणि बल्ब उगाच झगमगतो. मग स्विच. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला तर सप्लाय ठीक. तसाच जळत राहिला तर पुढे शॉर्ट आहे, पुन्हा शोधा. व्हेरिअॅकने, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने, हळूहळू व्होल्टेज चढवायचा मोह होतो, रेडिओला तो शोभतो. पण टीव्हीतल्या स्विचिंग सप्लायला अर्धवट व्होल्टेज मानवत नाही. तो त्यावर नीट सुरूच होत नाही, किंवा जास्त करंट ओढून मरतो.

बल्ब मंद झाल्यावर लाइनचा भाग तोडून, त्या जागी दुसऱ्या बल्बचा भार देऊन सप्लायचं व्होल्टेज मोजतात. ते सर्किटवर लिहिलेल्या आकड्याशी जुळलं की मग लाइन जोडायची. आणि मग तो क्षण. काचेवर बारीक चरचर होते, हात जवळ नेला तर मनगटावरचे केस उभे राहतात. मानेत नारिंगी ठिपका दिसतो, काच अजून काळीच. थोड्या वेळात काळ्यातून राखाडी वर येतं, मग एखाद्या कोपऱ्यातून रंग. ताई, तो क्षण बघायला तुम्ही टेबलाशी हजर राहा. मेकॅनिकला तसं आधीच सांगून ठेवा, चांगला मेकॅनिक हो म्हणेल.

खर्चात सुट्या भागांचे पैसे कमी आणि वेळेचे जास्त. सगळे कपॅसिटर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतात. मजुरी आधी ठरवा आणि दोन टप्प्यांत द्या : ट्यूब तपासण्याची वेगळी, पुढचं काम वेगळं. सेट नेताना दोघांनी उचला. काच आपल्या छातीकडे ठेवायची, कारण सगळं वजन पुढे असतं. कॅबिनेटला वाळूचा कागद लावू देऊ नका, वरचा लाकडी पापुद्रा फार पातळ असतो. ओलसर फडकं आणि नंतर थोडं मेण, एवढं पुरे.

प्रश्न : माझा जुना रंगीत सेट उत्तम चालतो. नव्या घरात जागा बदलली, तेव्हापासून डाव्या कोपऱ्यात हिरवट-जांभळा डाग पडलाय. ट्यूब गेली का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. शेजारी लोखंडी कपाट आहे ना? किंवा स्पीकर, इन्व्हर्टर? ट्यूबच्या काचेमागे भोकाभोकांचा पातळ पत्रा असतो, त्याला चुंबकत्व लागलं की इलेक्ट्रॉन भलत्याच रंगावर पडतात. कपाट दूर करा. सेट बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि मग लावा. लावताक्षणी ‘भूंऽ’ असा आवाज आला तर डीगॉसिंग काम करतंय, चार-पाच वेळा असं केलं की डाग जाईल. प्रत्येक वेळी मध्ये सेट थंड व्हायला हवा, लगेच बंद-चालू करून उपयोग नाही. आवाजच येत नसेल तर पोझिस्टर नावाचा छोटासा भाग गेलाय, तो स्वस्त आहे. लोहचुंबक फिरवून डाग काढायचा प्रयोग मात्र कुणी सुचवला तरी करू नका. मानेवरच्या रिंगांनाही हात लावू देऊ नका. कारखान्यात त्या जुळवून रंगाचा ठिपका मारून पक्क्या केलेल्या असतात, आणि एकदा हलल्या की पुन्हा जुळवणारे हात आता मोजकेच आहेत.

प्रश्न : सेट दुरुस्त झाला, पण त्याच्यावर बघायचं काय? गच्चीवरचा अँटेना जोडला तर नुसत्या मुंग्या. मुलाने एचडीएमआयचं कन्व्हर्टर आणि मॉड्युलेटर आणून जोडलं. चित्र आलं, पण काळं-पांढरं, आणि आवाजाऐवजी खरखर. मेकॅनिक म्हणतो सेटचा कलरचा भाग गेला.
— एक ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले

उत्तर : काका, मेकॅनिकला अजून काही उघडू देऊ नका. सेट बहुधा निर्दोष आहे.

गच्चीवरून आता काही येणार नाही. मुंबईतलं केबल 2012 च्या ऑक्टोबरअखेर डिजिटल झालं आणि दूरदर्शनचं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपणही थांबलं. म्हणून तुमच्या मुलाने केलं तेच बरोबर : सेटटॉप बॉक्स, मग मॉड्युलेटर (चित्र-आवाज अँटेनाच्या संकेतात बदलणारी डबी), मग अँटेनाचा सॉकेट. बॉक्सला पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचं आउटपुट असेल तर कन्व्हर्टरची गरजच नाही.

कन्व्हर्टरच्या बाजूला एक इवलंसं सरकतं बटण असतं, पाल आणि एनटीएससी या रंगीत चित्राच्या दोन पद्धतींचं. ते एनटीएससीवर असणार. आपले सेट पालचे. रंगाचा संकेत 4.43 मेगाहर्ट्झवर येईल अशी त्यांची अपेक्षा असते, आणि तो तसा मिळाला नाही की आतलं कलर किलर नावाचं सर्किट रंग बंद करून स्वच्छ काळं-पांढरं चित्र देतं. ते बटण पालवर सरकवा. तरी रंग आला नाही तर चॅनेलचं चाक अगदी किंचित मागेपुढे करा. चित्र जिथे सर्वांत टोकदार दिसतं त्याच्या जरा अलीकडे-पलीकडे रंग सापडतो.

आवाजाचं कारण वेगळं. आपल्याकडे चित्र आणि आवाज यांत 5.5 मेगाहर्ट्झचं अंतर असतं. बाजारातले काही मॉड्युलेटर 6.5 चे असतात, त्यांच्यावर चित्र छान येतं आणि आवाजाच्या जागी खरखर. काहींना निवडायचं बटण असतं, नसेल तर बदलून आणा. दुकानदाराला ‘पाल बी-जी’ असं सांगा. सेट हळूहळू चॅनेलवरून सरकायला लागला तर आठ चाकांच्या आत साचलेल्या मळाकडे बघायचं, कॉन्टॅक्ट क्लीनरने ते काम होतं. तेवढ्याने थांबलं नाही तर ट्यूनरला 33 व्होल्ट देणारा भाग बदलावा लागेल.

प्रश्न : टीव्ही लावला की नातू कानावर हात ठेवतो, शिट्टी वाजते म्हणतो. मला आणि यांना काहीच ऐकू येत नाही. बिघाड आहे का?
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : बिघाड नाही. पडद्यावर दर सेकंदाला 15,625 रेषा ओढल्या जातात आणि ईएचटी त्याच वेगाने थरथरते. एवढा बारीक आवाज मुलांना ऐकू येतो, वय वाढलं की जातो. नातवाला फारच त्रास होत असेल तर ईएचटीच्या गाभ्याचे स्क्रू घट्ट करून घ्या, शिट्टी कमी होते.

प्रश्न : आमच्याकडे जुना लाकडी सेट आहे. इंटिरियरवाल्याचं म्हणणं, आतलं सगळं काढून टाकू आणि आत एलईडी पॅनल बसवू, ‘रेट्रो लुक’ येईल. करावं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ट्यूब चालू असेल तर कृपा करून करू नका. त्या काचेतून येणाऱ्या चित्राची एक उब आहे, हालचाल सलग दिसते, काळा रंग खरोखर काळा वाटतो. पॅनल बसवून कॅबिनेट उरतं, टीव्ही उरत नाही. चालू स्थितीतले हे सेट दर महिन्याला कमी होत चाललेत, आणि आपल्या घरातला एक आपणच का कमी करायचा?

ट्यूबमध्ये हवा गेली असेल तर माझी हरकत नाही, पण दोन अटींवर. कॅबिनेटला नवं भोक पाडायचं नाही आणि पॅनल 4:3 चाच घ्यायचा. 20 इंची जुने कॉम्प्युटर मॉनिटर 1600 गुणिले 1200 चे मिळतात, ते 51 सेंटिमीटरच्या चौकटीत बरोबर बसतात. रुंद पॅनल बसवला की वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात आणि सगळी शोभा जाते. काढलेला बोर्ड, ट्यूनर आणि ईएचटी फेकू नका. तुमच्या गावातल्या कुठल्या तरी मेकॅनिकला तोच भाग हवा असतो, त्याला देऊन टाका.

राहिली मेलेली ट्यूब. ती दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. मागच्या कॉइलमधल्या तांब्यासाठी तो मान मोडतो. आत निर्वात असल्यामुळे काच फुटून उडू शकते, शिवाय मागच्या काचेत शिसं असतं आणि पडद्याच्या आतल्या बाजूची पूड नाकातोंडात जाण्याजोगी नाही. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर ट्यूब अख्खी, जुन्या चादरीत गुंडाळून पोचवा आणि पावती मागून घ्या.